चाकरमान्यांनो, आपलं पुस्तक आपणच काढा

गावाहून पोटासाठी मुंबईला आलेल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या आणि आयुष्यभर वहीत काही ना काही लिहीत आलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. मी देवगड तालुक्यातला. बेस्टमध्ये कंडक्टर होतो. आता डोंबिवलीत राहतो. गणपतीला आणि शिमग्याला गावी. लिहायचा नाद शाळेपासूनचा. नोकरीत असताना खाकी शर्टाच्या खिशात एक लहान डायरी असायची. शेवटच्या स्टॉपवर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरून झालं आणि ड्रायव्हर चहाला गेला की तेवढ्यात चार ओळी उतरायच्या. दुसरा नाद डबलबारी भजनाचा, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचा. निवृत्तीनंतर आठवणींचं पुस्तक मी स्वतः छापून घेतलं, मग आमच्या भागातल्या भजनी बुवांवर एक पुस्तिका काढली.

आपल्यासारख्यांबद्दल बाहेरचं कुणी येऊन लिहील म्हणून थांबू नका. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण गावकीच्या खोलीत, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या मुंबईतल्या खोलीत, रात्रपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर कोण आडवा व्हायचा, ट्रंका कुठे रचायच्या, खानावळीचा हिशोब महिन्याच्या कुठल्या तारखेला चुकवायचा आणि गावाहून नवा पोरगा आला तर त्याला पहिली नोकरी लागेपर्यंत कोण पोसायचं, हे त्या खोलीत राहिलेला माणूसच सांगू शकतो. अशी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

आधी कागद बाहेर काढा

पेन हातात घ्यायच्या आधी घरातले जुने कागद एका जागी आणा. पत्रं, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला, नोकरीत रुजू झाल्याचं पत्र. मनिऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी थोडी जागा असायची आणि ती चिठ्ठी पोस्टमन पैशांबरोबर घरी द्यायचा. आमच्या आईने त्या सगळ्या तारेला ओवून ठेवल्या होत्या. ‘पैसे पाठवले आहेत, कौलं घालून घ्या, पावसाआधी’ एवढाच मजकूर. पण घर कधी शाकारलं, कधी दुरुस्त झालं, बहिणीच्या लग्नाची जुळवाजुळव कधी सुरू झाली, हे सगळं त्या दोन-दोन ओळींत आहे. गावच्या माळ्यावर, देवघराच्या फळीवर, जुन्या ट्रंकेच्या तळाशी नीट बघा.

तारीख नसलेली पत्रं पुष्कळ निघतील. ती लावायच्या काही खुणा आहेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तेव्हा पत्त्यात ४०००१२ असेल तर पत्र त्यानंतरचं. नुसतं ‘परळ, मुंबई १२’ असेल तर ते बहुधा जुनं, पण खात्री धरू नका, कारण सवयीने लोक पुढेही तसंच लिहीत राहिले. गावच्या पत्त्यात ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असेल तर पत्र १ मे १९८१ नंतरचं. त्याआधी आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यात होतो. पोस्टाचा शिक्का पुसट असेल तर कागद दिवसाच्या उजेडात तिरका धरून मोबाईलवर फोटो काढा आणि तो मोठा करून बघा, बऱ्याचदा वर्ष वाचता येतं.

आठवणींनाही अशीच खुंटी मारता येते. घरातल्या म्हाताऱ्याला ‘किती साली?’ विचारलं तर उत्तर येत नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असं विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. ‘ट्राम बंद झाली तेव्हा मुंबईत होता का?’ शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. १९७२ चा दुष्काळ, १९७४ चा रेल्वेचा संप, १९९८ साली सुरू झालेली कोकण रेल्वे, २६ जुलै २००५ चा पाऊस. यातली एखादी गोष्ट काढली की माणूस आपोआप सांगू लागतो की तेव्हा थोरला मुलगा पाचवीत होता, आणि मग तुमचा हिशोब जुळतो.

आणखी एक खजिना आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. त्याच्या इतिवृत्ताच्या वह्या आणि वर्गणीची पावतीपुस्तकं जुन्या चिटणीसाच्या घरी पडून असतात. गावच्या शाळेच्या छपरासाठी कुणी किती दिले, देवळाच्या जीर्णोद्धाराला सभा कुठल्या चाळीत भरली, हे तिथे शाईने लिहिलेलं आहे. चिटणीसाच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून पानांचे फोटो काढा. वही घरी नेऊ नका; ती मंडळाची आहे.

लिहायला बसताना

हाताने लिहिणार असाल तर लाँगबुक घ्या आणि पाठपोट लिहू नका. उजव्या पानावर मजकूर, डावं पान मोकळं. दुसऱ्या वाचनात जे आठवतं ते डाव्या पानावर जातं आणि पुढे टाइप करणाऱ्याचा गोंधळ होत नाही. प्रत्येक पानाला नंबर घाला.

जन्मापासून सुरुवात करायचा मोह होतो. ‘माझा जन्म अमुक साली एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ हे वाक्य मी इतक्या पुस्तकांत वाचलं आहे की मला ते कुणाचंच वाटत नाही. ज्या दिवसाबद्दल तुम्ही जेवताना, प्रवासात, पोरांना पुन्हा पुन्हा सांगता, तिथून सुरू करा. मी मुंबईतल्या पहिल्या रात्रीपासून केली. एकेक प्रसंग सुटा लिहा, क्रम नंतर लावता येतो. वीस-पंचवीस प्रसंग झाले की ते जमिनीवर पसरून ठेवा. कुठला कुठल्यानंतर यायला हवा हे डोळ्यांना दिसतं.

वस्तूंची नावं लिहा. ‘सामान घेऊन निघालो’ यात काही नाही. वळकटी, पत्र्याची ट्रंक, तिच्यात कुळथाची पिठी, सोलं, भाजलेल्या काजूंची पुरचुंडी आणि आईने पदराच्या गाठीतून सोडून दिलेले पैसे, हे लिहिलं की वाचणारा तुमच्याबरोबर एसटीत बसतो. किंमत आठवत असेल तर घाला, नसेल तर अंदाजाने घालू नका. आमच्या आधीची पिढी देवगड-विजयदुर्गहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायची. तुमच्या वडिलांनी तसा प्रवास केला असेल तर तो त्यांच्या शब्दांत मागून घ्या. वडील नसतील तर त्यांच्याबरोबर आलेला कुणीतरी असेल. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण त्यांना सांगून.

कामाबद्दल सविस्तर लिहा. नोकरीची वर्षं बहुतेक जण दोन पानांत संपवतात आणि बालपणाला शंभर पानं देतात. मला हे पटत नाही. तुम्ही गिरणीत साच्यावर होता की गोदीत, टपाल वाटत होता की कुणाच्या घरी स्वयंपाक करत होता, त्या कामाची हत्यारं, शब्द, धोके, वरिष्ठांशी बोलायची पद्धत, पगाराच्या दिवशीचा रस्ता, हे सगळं लिहा. मी तिकीटपेटी आणि पंच यांवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. भरलेल्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकीट कसं फाडायचं, कोणत्या रंगाचं तिकीट पेटीत कुठे, सुटे पैसे कुठल्या कप्प्यात. नातवंडांना ते प्रकरण सगळ्यात आवडलं, कारण त्यांनी ती पेटी कधी पाहिलीच नाही. आणि बायकांनो, तुम्ही तर लिहाच. खानावळ चालवणाऱ्या बाईने रोज किती डबे भरले, पहाटे पाण्यासाठी कितीला उठली, कुणाची उधारी सोडून दिली, हे तिच्या हाताने लिहिलेलं फार कमी आहे.

संवाद आपल्या बोलीत ठेवा. आमची आजी ‘तू कुठे चालला आहेस’ असं कधी म्हणाली नाही. ती ‘खंय चललंस रे झिला’ म्हणायची. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं मालवणीत, हे वाचायला सोपं जातं. फक्त एक करा: बोलीतले शब्द तुम्ही कसे लिहिणार याची यादी वहीच्या मागे करून ठेवा. ‘खंय’ की ‘खय’, ‘व्हया’ की ‘होया’, जे ठरवाल ते शेवटपर्यंत तेच.

जिवंत माणसांबद्दल लिहिताना सांभाळा. भाऊबंदकी, सामायिक जमिनीचे वाद, सातबाऱ्यावरून झालेली भांडणं हा कोकणातल्या प्रत्येक घराचा भाग आहे आणि ते टाळलं तर चित्र अपुरं राहतं. पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ती पानं छापायच्या आधी वाचून दाखवा. नाव बदलायचं असेल तर नातं आणि वाडीसुद्धा बदला, नाहीतर गावात सगळ्यांना कळतंच. घरच्या बायकांच्या आजारपणाच्या, मुलं दगावल्याच्या गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. दुसऱ्याने लिहिलेलं पत्र तुमच्या कपाटात असलं तरी त्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापायचं तर त्यांचीही परवानगी घ्या. सिनेमाची गाणी, कवींच्या कविता पानभर उतरवू नका. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

टायपिंग आणि फॉन्ट

मोबाईलवर बोलून मराठी टाइप होतं, आणि बोटं थरथरणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. वहीतलं एकेक वाक्य सावकाश वाचा. विरामचिन्हं बऱ्याचदा नंतर हाताने घालावी लागतात, आणि मालवणी बोललात तर यंत्र तिची भलतीच मराठी करून ठेवतं, म्हणून संवाद हातानेच टाइप करा. रोजचं काम झालं की ते स्वतःला मेल करून ठेवा, म्हणजे फोन हरवला तरी लिखाण राहतं.

डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणाऱ्याकडे, द्यायचं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: काम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, करणार का? पुष्कळ जुने ऑपरेटर अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. छपाई त्यातूनही सुंदर होते, पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि पुढे ई-बुक करायचं तर रूपांतर करावं लागतं. रूपांतरात ‘ऱ्या’ आणि रफार हमखास बिघडतात. म्हणून काम देण्याआधी त्याला एक ओळ टाइप करून, छापून द्यायला सांगा: ‘गावकऱ्यांनी दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेला ऑफिसातून ॲल्युमिनियमची लहानशी घंटा आणली.’ या ओळीत ‘ऱ्या’मधला आडवा र नीट आला, ॲ आणि ऑ तुटले नाहीत, ल आणि श मराठी वळणाचे आले, तर फॉन्ट चालेल. मुक्त, बालू, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात. पुस्तकाच्या मजकुरासाठी मला टिरो आवडतो. आपले वाचक साठीच्या पुढचे, तेव्हा अक्षर १३ किंवा १४ पॉइंटचं आणि ओळींत मोकळी जागा हवी. पानं वाचवायला अक्षर बारीक करू नका.

मुद्रितशोधन

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी ठरवा की ‘केले, गेले, आले’ लिहिणार की ‘केलं, गेलं, आलं’. दोन्ही चालतात, पण एकाच परिच्छेदात दोन्ही असले तर वाचणारा अडखळतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, आधीचे १४ आणि १९७२ चे चार. ते समोर ठेवा. शेवटचा इकार-उकार दीर्घ, आधीचा बहुधा ऱ्हस्व, एवढं सांभाळलं तरी निम्मं काम होतं.

प्रूफ पडद्यावर वाचू नका. कागदावर काढा, ओळीखाली पट्टी धरा आणि मोठ्याने वाचा. दुसरं वाचन अशा माणसाकडून करून घ्या ज्याला गोष्ट माहीत नाही. माझ्या पुस्तकाचं प्रूफ शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी वाचलं आणि समासात ‘हे कोण?’ असं जिथे जिथे लिहिलं, तिथे तिथे मी एकेक वाक्य वाढवलं. नावं, आडनावं, सनावळ्या वेगळ्या एका बैठकीत फक्त तेवढ्याच तपासा. गावच्या माणसाला स्वतःचं आडनाव चुकलेलं दिसलं की बाकीचं पुस्तक तो वाचत नाही.

छापखान्यात

किती प्रती, हे आधी ठरवा. कागदावर नावं लिहा: हातात पुस्तक ठेवावंसं वाटतं अशी माणसं, गावातली घरं, मंडळाचे सभासद, नोकरीतले सोबती, वाचनालयं. त्यात थोड्या जास्तीच्या धरा. आपल्यातल्या बहुतेकांचा आकडा दोनशे-तीनशेच्या आत येतो. एवढ्या प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात. ऑफसेट, म्हणजे प्लेटा करून होणारी मोठी छपाई, पाचशेच्या पुढे परवडू लागतं. डिजिटलचा फायदा असा की संपल्या की पुन्हा पन्नास काढता येतात आणि पलंगाखाली गठ्ठे साठत नाहीत.

आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आतला कागद ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, त्यातही नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. पांढराशुभ्र कागद दिव्याखाली डोळ्यांना लागतो. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. ऑफसेटला पानं सोळाच्या पटीत बसवा, कारण एका फॉर्मची, म्हणजे घडी घातलेल्या एका मोठ्या कागदाची, पानं सोळा. १२८ किंवा १४४ पानांत चाकरमान्याचं पुस्तक छान बसतं. नुसतं चिकटवलेलं बाइंडिंग कोकणातल्या पावसाळी दमट हवेत लवकर सुटतं, म्हणून शिवून घ्यायचे पैसे वेगळे पडले तरी द्या.

जुने फोटो निदान ३०० डीपीआयवर (हे स्कॅनच्या बारकाव्याचं माप) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे असतील तर ६०० वर. काचेतला फोटो काचेबाहेर काढूनच. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळी नावं लिहा, एखाद्याचं नाव माहीत नसेल तर गावात विचारा.

दरपत्रक लेखी घ्या आणि निदान तीन ठिकाणचं. त्यात आकार, पानं, कागद, बाइंडिंग, प्रती, किती वेळा प्रूफ मिळणार आणि तयार कधी होणार हे सगळं हवं. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. पूर्ण छपाईआधी एक नमुना प्रत बांधून मागा आणि ती उशाशी ठेवून आठवडाभर वाचा.

‘लेखक व्हा, आम्ही सगळं करतो’ असं सांगून मोठं पॅकेज विकणारे भेटतील. त्यांच्या करारात कॉपीराइट कुणाकडे, फाइल तुम्हाला मिळणार का, आणि प्रती नक्की किती छापणार, हे तीन मुद्दे वाचा. पैसे तुमचे असतील तर हक्कही तुमच्याकडेच राहिला पाहिजे. ज्यांना स्वतःचे पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे. तिची जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवा, पण ती वाट सावकाशीची आहे.

कागदोपत्री

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा १३ आकडी नंबर. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, आणि फुकट देते. ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून करू शकतो. यासाठी कुणी तुमच्याकडून पैसे मागितले तर देऊ नका. ई-बुक काढणार असाल तर त्याचा नंबर वेगळा घ्यावा लागतो. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा होतो; नोंदणी करायची की नाही ते तुमच्यावर.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांत प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्यातलं एक मुंबईतलं टाउन हॉलमधलं. हे काम ओझं समजून टाळू नका. आपल्या वाडीचं नाव त्या कपाटात कायमचं जातं, आणि पुढे कुणी कोकणातून आलेल्या माणसांचा अभ्यास करायला बसलं तर त्याला तिथे आपलं पुस्तक सापडेल. मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि तालुक्यातल्या वाचनालयांनाही प्रती नेऊन दिल्या. ‘ड’ वर्गाची लहान गावातली वाचनालयं विसरू नका. तिथे पुस्तक खरंच वाचलं जातं.

लोकांच्या हातात

प्रकाशनाला हॉल लागत नाही. मंडळाचं स्नेहसंमेलन, गावची जत्रा, गणपतीतली भजनाची रात्र, यातला एखादा दिवस धरा, कारण तेव्हा सगळे एका जागी असतात. पाहुणा म्हणून तुमच्या पुस्तकातलं एखादं माणूस बोलवा. किंमत छापा आणि ती घ्या. फुकट दिलेलं पुस्तक टीव्हीवर पडून राहतं. शिक्षक, म्हातारी माणसं आणि ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना मात्र भेट. कुणाला किती दिल्या, पैसे आले का, हे एका वहीत लिहा. परदेशी असलेल्या मुलानातवंडांसाठी पीडीएफ पाठवा.

एक प्रत फक्त स्वतःसाठी राखून ठेवा आणि तिच्यात लाल पेन खोचा. पुस्तक वाचून फोन येऊ लागतील. कुणी सांगेल की त्या खोलीत आणखी अमुक होता, कुणी फोटोतल्या माणसाचं नाव सांगेल, कुणाकडे त्याच वर्षाचं पत्र निघेल. ते त्या-त्या पानाच्या समासात, सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट, फोन ठेवल्याबरोबर लिहा. दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर असाच जमतो, आणि डिजिटलवर पुढच्या पन्नास प्रती काढताना तो लगेच घालता येतो.